चार्ज देताना

बँकेच्या नोकरीत मी अकरा वेळा शाखेचा चार्ज घेतला आणि अकरा वेळा दिला. बाराव्यांदा चार्ज द्यायची वेळ आली ती गेल्या वर्षी, निवृत्तीला सहा वर्षे होऊन गेल्यावर. आणि या वेळी चार्ज होता एका कुत्रीचा. नाव जुई, जात लॅब्रॅडोर, रंग सायीसारखा, वय सात वर्षे, वजन ३१ किलो. मालकीण माझी थोरली बहीण.

ताईचे यजमान २०२३ मध्ये गेले. त्यानंतर सहकारनगरच्या त्या तळमजल्यावरच्या घरात ताई आणि जुई अशा दोघीच राहत होत्या. गेल्या फेब्रुवारीत ताई न्हाणीघरात पडली, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. वॉकर घेऊन ती चार पावले टाकू लागली तेव्हा भाचीने तिला कायमचे बंगळूरला नेण्याचा आग्रह धरला, आणि तो योग्यच होता. पण भाचीच्या धाकट्या मुलाला दमा आहे. घरात केसाळ प्राणी नको, असे त्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेले. आमच्याकडे तिसरा मजला, लिफ्ट नाही, पत्नीचे दोन्ही गुडघे बदललेले. आणि जुईच्या मागच्या पायालाही जिने सोसत नाहीत. सगळ्या बाजूंनी विचार करून झाल्यावर ताई म्हणाली, "भाऊ, माझं काय, मी जाईन कुठंही. पण हिचं काय रे?"

असा प्रश्न घरात उभा राहिला, की सल्ला देणारे चहूबाजूंनी येतात. एक जण म्हणाले, ओळखीच्या कुणाच्या तरी फार्महाउसवर सोडून द्या, मोकळी राहील. दुसरे म्हणाले, सिंहगडाच्या पायथ्याशी नेऊन सोडा, तिथले हॉटेलवाले कुत्र्यांना खायला घालतात. सांगणारी माणसे वाईट नव्हती. आपण काय सांगतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते, इतकेच.

रस्त्यावरच्या कुत्र्यालाही स्वतःचा मुलूख असतो. कोणत्या कोपऱ्यावर भाकरी मिळते, कोणत्या गल्लीत शिरू नये, याचा त्याचा नकाशा पक्का असतो. निर्बीजीकरणासाठी पकडलेले भटके कुत्रे शस्त्रक्रिया आणि लसीकरणानंतर पुन्हा त्याच भागात सोडावे, असे २०२३ च्या नियमांत म्हटले आहे, ते उगीच नव्हे. घरात वाढलेल्या कुत्र्याचा मुलूख म्हणजे घरातली माणसे. त्याला परक्या जागी सोडले, की तिथली कुत्री त्याला टिकू देत नाहीत आणि अन्न कसे मिळवायचे हे त्याला कुणी शिकवलेले नसते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, उपासमार होईल अशा स्थितीत जनावर विनाकारण टाकून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्यात दंड आहे १० ते ५० रुपये. दंडाच्या भीतीने कुणी थांबेल अशी ही रक्कम नाही. थांबायचे ते आपले आपणच.

आपल्याकडे कुत्र्याला न सोडण्याचा सर्वांत मोठा दाखला महाभारतात आहे. महाप्रस्थानाच्या अखेरीस युधिष्ठिराबरोबर एक कुत्रा तेवढा उरतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्रा मागे ठेव म्हणतो. धर्मराज ऐकत नाही. लहानपणी ही गोष्ट ऐकताना ऊर भरून येई. या वयात मात्र एक वेगळाच विचार मनात आला. धर्मराजापुढे दोनच वाटा होत्या : कुत्रा सोडायचा, नाहीतर स्वर्ग सोडायचा. हिमालयाच्या त्या टोकावर त्या कुत्र्यासाठी दुसरे घर शोधण्याची सोय नव्हती. आपल्यापुढे ती तिसरी वाट असते. ती धरणे म्हणजे कुत्र्याला सोडणे नव्हे, नीट केले तर. आणि नीट केले नाही तर काय होते, ते मला चांगले ठाऊक आहे. ते इथे सांगितल्याशिवाय पुढचे काही सांगण्याचा मला अधिकार नाही.

१९९५ साली मी तासगावच्या बाजूला एका शाखेत व्यवस्थापक होतो. आमच्याकडे खंड्या नावाचा गावठी कुत्रा होता. तांबूस अंग, एक कान मोडलेला. पिल्लू असताना तो शाखेच्या पायरीवर येऊन बसला आणि आमच्या मुलांनी त्याला घरात आणला, तो तीन वर्षे राहिला. जूनमध्ये माझी मुंबईला बदली झाली. तिथे मिळालेली जागा चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांची, आणि रुजू व्हायचे होते आठ दिवसांत. आमचे एक खातेदार द्राक्षबागायतदार होते, मनाने फार सज्जन. त्यांच्या कानावर आमची अडचण गेली. ते स्वतः घरी आले आणि म्हणाले, "साहेब, ऱ्हाईल की मळ्यावर. खोड-बिड काय न्हाई न्हवं?"

मी म्हणालो, "छे हो, अगदी गरीब आहे."

खंड्या गरीब होता हे खरेच. पण फटाक्याचा आवाज झाला की तो खंड्या राहत नसे. दोन दिवाळ्या आम्ही त्याला मोरीत घेऊन, दाराशी आळीपाळीने बसून काढल्या होत्या. एकदा लग्नाच्या वरातीत बार उडाले, तेव्हा साखळी तोडून तो पळाला आणि दुसऱ्या दिवशी पाच-सहा किलोमीटरांवर सापडला. हे मला माहीत होते. द्राक्षाचे घड भरू लागले की पाखरे हुसकायला बागांतून डबे वाजवतात, फटाके उडवतात, हेही माहीत होते. त्या भागातल्या बागांना कर्जे मीच मंजूर केली होती. तरी मी बोललो नाही. कारण अगदी साधे होते. ते 'नको' म्हणाले असते, तर आठ दिवसांत दुसरा माणूस कुठून आणायचा?

आणि त्याच आठवड्यात मी शाखेचा चार्ज दिला. ज्यांचा बँकेशी संबंध फक्त काउंटरपुरता येतो त्यांच्यासाठी सांगतो : अधिकारी बदलतो तेव्हा जाणारा आणि येणारा असे दोघे समोरासमोर बसतात. तिजोरीतली रोकड मोजली जाते, सोनेतारणाच्या पुड्या तपासल्या जातात, किल्ल्या, कागदपत्रे, शिक्के यांची यादी होते आणि दोघांच्या सह्या होतात. पण चांगल्या चार्जची खूण या यादीत नसते. थकीत आणि अडचणीच्या खात्यांबद्दल जाणारा माणूस किती मोकळेपणाने बोलतो, त्यावर ती कळते. मी माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्याला एकूण एक कच्चे दुवे सांगितले. कोणाकडे स्वतः गेल्याशिवाय हप्ता येत नाही, कोणाच्या जामिनावर विसंबू नये, सगळे. तो म्हणाला, "इतका स्वच्छ चार्ज मी आजवर घेतला नव्हता." ते ऐकून मला अभिमान वाटला होता. खंड्याला त्याच्या आदल्याच दिवशी जीपमध्ये घालून मळ्यावर पोचवले होते.

जानेवारीत मुंबईच्या पत्त्यावर आंतर्देशीय पत्र आले. बागेत पाखरांसाठी फटाके लावले, त्या दिवसापासून खंड्या घरी नाही, तीन दिवस आजूबाजूच्या वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या, असे लिहून त्या गृहस्थांनी शेवटी लिहिले होते, की तुमची ठेव मला सांभाळता आली नाही, माफी असावी.

माफी त्यांनी मागितली होती! मी उलट टपाली लिहिले, तुमचा यात काही दोष नाही. एवढे खरे लिहिले. दोष कुणाचा, ते लिहिले नाही. पुढे कधीतरी प्रत्यक्ष भेटून सांगू, असे म्हणता म्हणता वर्षे गेली आणि ते गृहस्थही गेले. मुलांना मी खंड्या मळ्यावर मजेत आहे असेच सांगत राहिलो. मुलांनी त्यावर विश्वास ठेवला का, हे विचारण्याचे धाडस अजून झालेले नाही.

म्हणून ताईने जेव्हा "हिचं काय?" विचारले, तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "आधी जुईची चार्ज यादी करू."

तिला आधी हसू आले. पण आम्ही दोन दिवस बसून ती यादी केली. जन्म २०१८. गर्भाशयाची शस्त्रक्रिया झालेली. रेबीजची आणि इतर लशींची नोंदवही सोबत. पुणे महापालिकेचा परवाना आहे. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा जेवण. द्राक्षे, बेदाणे, कांदा आणि चॉकलेट कधीही द्यायचे नाही, ते कुत्र्याला बाधते. पावसाळ्यात डावा मागचा पाय आखडतो. रात्री माणसाच्या खोलीत झोपते, दार लावून घेतले तर रडते. हेल्मेट घातलेला माणूस दारात आला की भुंकून घर डोक्यावर घेते. मांजर दिसले की पट्टा ओढते. ताई पडली ती घरात, हे नशीब. सातव्या क्रमांकावर मी स्वतः होऊन विचारले, "फटाके?" ताई म्हणाली, "अरे बाप रे. फटाके आणि विजांचा कडकडाट. न्हाणीघरात जाऊन बसते. शेजारी बसावं लागतं आणि रेडिओ लावावा लागतो." ते सगळे जसेच्या तसे लिहिले.

अडलो ते दहाव्या कलमावर. जुई जेवत असताना कुणी भांड्याला हात लावला तर गुरगुरते. २०२१ मध्ये नातवाने तसे केले तेव्हा तिचे दात त्याच्या हाताला लागले होते. जखम लहान होती, पण लागले होते. ताई म्हणाली, "हे नको लिहूस भाऊ. हे वाचून तिला घेणार कोण?"

घर बदलणाऱ्या प्रत्येक कुत्र्याच्या मागे हे वाक्य असते, असे मला वाटते. प्रेमापोटीच येते ते. पण आपण कुत्र्याला घर मिळवून देतो आहोत, की घर मिळेपर्यंतची आपली अडचण संपवतो आहोत, याचा निर्णय त्याच ठिकाणी होतो. लपवलेली खोड काही कुत्र्याबरोबर मागे राहत नाही. ती त्याच्याबरोबर नव्या घरी जाते आणि तिथे एखाद्या लहान मुलाच्या हाताला लागते. मग ते कुत्रे परत येते, किंवा बांधून ठेवले जाते, किंवा सिंहगडाच्या पायथ्याशी पोचते. थकीत कर्ज लपवून चार्ज दिल्याने ते कर्ज वसूल होत नाही. ते फक्त दुसऱ्याच्या माथी जाते. मी ताईला खंड्याची गोष्ट सांगितली. तीस वर्षांत प्रथमच कुणाला तरी सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "लिही."

यादी घेऊन आम्ही शोध सुरू केला. वर्तमानपत्रात वा फोनवर 'फुकट देणे आहे' असा मजकूर टाकला नाही, हे एक बरे केले. ओळखीतून, जुईच्या डॉक्टरांकडून, शेजारपाजारातून विचारणा केली. पहिल्यांदा आलेल्या गृहस्थांना मुळशीकडच्या बंगल्यावर राखण हवी होती. आठवड्यात पाच दिवस तिथे माळ्याशिवाय कुणी नसते. माणसाच्या खोलीत झोपणाऱ्या कुत्रीला पाच दिवस साखळीवर! दुसऱ्यांनी जात विचारली, वंशावळीचे कागद विचारले, आणि शस्त्रक्रिया झालेली आहे म्हणताच पिल्लांचा हिशेब चुकला हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. तिसरे एक तरुण जोडपे होते. फार गोड माणसे, चार वर्षांची मुलगी, जुईलाही ती आवडली. दहावे कलम वाचून त्या मुलीची आई म्हणाली, "काका, आम्हाला हवी होती. पण ही खूप लहान आहे, नाही जमायचं." ताईच्या डोळ्यांत पाणी आले. मला मात्र त्या दिवशी यादीचा उपयोग कळला. एक चांगले घर गेले खरे. पण ते जुईसाठी चांगले घर नव्हते, हे आम्हाला सहा महिन्यांनी कळण्याऐवजी अर्ध्या तासात कळले.

या दोन महिन्यांत कुत्री देऊ पाहणाऱ्या इतर माणसांशीही बोलणे झाले. २०२० च्या टाळेबंदीत घरोघर पिल्ले आली. मग कचेऱ्या उघडल्या, आणि दिवसभर माणसात राहिलेली ती कुत्री बंद घरात रडू लागली. काहींना सोसायटीने दम दिलेला असतो. अशांना मी सांगतो, आधी कारण तपासा. पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालण्याचा अधिकार सोसायटीला नाही, बहुमताच्या ठरावानेही नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात म्हटले आहे. भुंकणे, चावे, चपला कुरतडणे यांवर डॉक्टर आणि शिकवणारे मिळतात. दुपारी फिरवून आणणारा एखादा मुलगा ठेवला तर कित्येक घरांचा प्रश्न तिथेच सुटतो. पण कारण खरे असेल, तर लाजेपोटी कुत्र्याला गॅलरीत बांधून वर्षे काढण्यातही काही पुण्य नाही. 'लोक काय म्हणतील, पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि देऊन टाकलं' या धाकाने जी कुत्री घरातच परकी होतात, त्यांची संख्या थोडी नसावी. द्यावे लागले तर द्यावे. देऊन टाकू नये, इतकेच.

ऑगस्टमध्ये तळेगाव दाभाड्याचे एक जोडपे आले. गृहस्थ पोस्टातून निवृत्त झालेले, त्यांचा चौदा वर्षांचा कुत्रा वर्षापूर्वी गेलेला. घर बैठे, मुले मोठी, नातवंडे दूर. त्यांच्या पत्नीने यादी दोनदा वाचली आणि दहाव्या कलमावर बोट ठेवून विचारले, "जेवताना हात लावायचा नाही, एवढंच ना? आमच्या ह्यांनाही जेवताना हात लावलेला चालत नाही." मग त्यांनी आम्हाला न सुचलेले विचारले. ताई, तुम्ही तिला जेवायला बोलावताना काय म्हणता? दार उघडताना काय म्हणता? दुसऱ्या बाजूने घर पाहायला आम्ही तळेगावला गेलो. फाटकाची कडी, कुंपणाची उंची मी तपासली. बँकेच्या तपासनीसासारखे वागतो आहे याची लाज वाटली, पण त्या बाईंनीच सांगितले, "बघा, बघा. मुलगी देताना बघतातच की."

कागदावर शेवटचे कलम मी माझ्या सहीने जोडले : काही कारणाने जमले नाही, तर जुईला परस्पर कुणाला देऊ नये, मला कळवावे. नवे घर मिळेपर्यंत तिची जबाबदारी माझी. पत्नी म्हणाली, "तीन जिने चढवणार तिला?" मी म्हणालो, "जामीन राहायचं म्हणजे तेच. वेळ आली तर चढवायचं." नोकरीत मी हजारो लोकांच्या जामिनावर सह्या घेतल्या. स्वतः जामीन राहताना हात किती जड होतो, ते त्या दिवशी कळले.

सप्टेंबरात जुईला नेऊन पोचवले. त्याआधी ती दोनदा तिथे राहून आली होती. बरोबर तिचे भांडे, पंधरा दिवसांचे नेहमीचे खाणे आणि ताईची एक न धुतलेली जुनी साडी दिली. गळ्यातल्या पट्ट्यावर नवा फोन क्रमांक घातला. पहिले काही आठवडे फाटकाबाहेर पट्ट्याशिवाय सोडायचे नाही, असे ठरले, कारण याच दिवसांत कुत्री जुन्या घराच्या शोधात निघतात. कुत्र्यांच्या निवाऱ्यांत काम करणारे लोक एक ढोबळ हिशेब सांगतात : भीती जायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे, घर आपले वाटायला तीन महिने. जुईने पहिले दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही. बंगळूरहून ताईचा रोज फोन येई. ती पलीकडे काही बोलत नसे, फक्त विचारी, "जेवली?" तिसऱ्या दिवशी मी सांगू शकलो, "जेवली."

ऑक्टोबरात दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या गल्लीत नेहमीप्रमाणे बार सुरू झाले. मला जेवण जाईना. नऊच्या सुमाराला तळेगावहून फोन आला. पलीकडे मोठ्या आवाजात रेडिओ चालू होता.

"काळजी करू नका," त्या बाई म्हणाल्या, "संध्याकाळपासून दारं बंद आहेत. ती न्हाणीघरात आहे आणि मी तिच्याशेजारी पाटावर बसून बोलते आहे. कलम सात."

मी फोन ठेवला. बाहेर आवाज चालूच होते. कलम सात ही तशी एका ओळीची गोष्ट. तासगावच्या त्या सज्जन माणसाला मी ती ओळ सांगितली असती, तर तोही असाच, मळ्यातल्या घरात, खंड्याजवळ बसला असता.